ओटीपी दिलाच कशाला?

एकच प्रश्न एका बाईला एका दिवसात किती जणांनी विचारावा? आमच्या वस्तीतल्या एका ताईंना तो चार जणांनी विचारला. सकाळी नवऱ्याने, दुपारी बँकेतल्या साहेबांनी, त्यानंतर पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी आणि संध्याकाळी बचत गटाच्या बैठकीत आमच्याच एका सभासद बाईने. शब्दही जवळपास तेच. "ओटीपी दिलाच कशाला?"

ताई पापड लाटतात आणि दोन घरची धुणीभांडी करतात. बारा बायकांच्या गटाच्या त्या खजिनदार. २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस, नवरात्राच्या दिवसांत, वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप फिरत आला. 'लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आजच करा, नाहीतर हप्ता कायमचा बंद.' खाली निळ्या अक्षरांत लिंक. ताईंनी लिंक दाबली. पान उघडलं, त्यावर मंत्र्यांचे फोटो, राजमुद्रा, शुद्ध मराठी. नाव विचारलं, आधार क्रमांक विचारला, खाते क्रमांक विचारला. मग 'पडताळणीसाठी एक रुपया' म्हणून एटीएम कार्डावरचे आकडे मागितले. फोनवर सहा आकडी ओटीपी आला, तो पानावरच्या चौकोनात भरायला सांगितला. ताईंनी भरला. दहा मिनिटांत खात्यातून ३८,४०० रुपये गेले. त्यातले निम्म्याहून अधिक गटाच्या कर्जाच्या हप्त्याचे होते. बायकांनी ताईंच्या खात्यावर पाठवलेले, दुसऱ्या दिवशी गटाच्या खात्यात भरायचे.

पैसे गेले ते एका दिवसात. पुढच्या महिन्याभरात काय काय गेलं ते ऐका. नवऱ्याने हात उगारला आणि फोन काढून घेतला. तो फोन ताईंनी पापडाच्या पैशातून हप्त्याने घेतला होता. खात्याला जोडलेला नंबर बदलून नवऱ्याचा झाला. गटाने खजिनदारपद दुसऱ्या बाईकडे दिलं. ताईंनी विरोध केला नाही. त्या म्हणाल्या, "माझ्यासारख्या अडाणी बाईच्या हाती पैसा ठेवायचाच नाही, हे खरंच आहे."

हे वाक्य ऐकल्यापासून मी अस्वस्थ आहे. या फसवणुकीला आपण 'सायबर गुन्हा' म्हणून बाजूला ठेवत आलो. तो तरुण मुलांचा, इंजिनियरांचा विषय, असं आपल्याला वाटत आलं. पण खात्यावरचं आपलं नाव, हातातला फोन आणि गटातलं पद या तीन गोष्टी मिळवायला आपल्या चळवळीला तीस-चाळीस वर्षं लागली. एका ओटीपीच्या निमित्ताने त्या महिन्याभरात परत जातात. मग हा आपला विषय नाही तर कुणाचा?

पुरुषही फसतात, मग?

आमच्याच बैठकीत एका कार्यकर्तीने मुद्दा काढला. फसवणूक सगळ्यांचीच होते, डॉक्टर फसतात, निवृत्त अधिकारी फसतात, यात बाईचा वेगळा प्रश्न कुठे आला?

फसतात, खरं आहे. पण फसलेल्या पुरुषाचा फोन त्याची बायको काढून घेते का? त्याच्या खात्यावर तिचा नंबर लागतो का? 'पुरुषांना व्यवहार कळत नाही' असा निष्कर्ष त्याच्या एका चुकीवरून कुणी काढतं का? त्याचं नुकसान पैशाचं असतं, तिचं पैशाचं आणि माणूस म्हणून मिळालेल्या जागेचंही. म्हणूनच किती तरी बायका फसवणूक लपवतात. कानातलं गहाण ठेवतात, व्याजाने पैसे काढतात, पण घरात सांगत नाहीत. आणि लपवण्यात गेलेला प्रत्येक तास चोराच्या फायद्याचा असतो.

दुसरं असं, की सुरुवातच समान नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायकांचं प्रमाण देशात ३३ टक्के होतं, पुरुषांचं ५७ टक्के. स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या बायका ५४ टक्के. त्यानंतर फोन वाढले, पण शिकवणं वाढलं नाही. पोहायला न शिकवता बाईला विहिरीत ढकलायचं आणि बुडाली की म्हणायचं, पाण्यात उतरलीसच कशाला?

ओटीपी द्यायला शिकवलं कोणी?

आता कटू बोलते, आणि आधी स्वतःबद्दल बोलते.

२०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायची झुंबड उडाली होती. महिन्याला १५०० रुपये, आणि २१ ते ६५ वयाच्या लाखो बायका रांगेत. आमच्या संस्थेच्या खोलीत मी स्वतः दोन फोन घेऊन बसले होते. एकेकीचा अर्ज भरायचा आणि ओरडायचं, "ताई, आलेला आकडा सांगा!" ती आकडा सांगायची, मोठ्याने, सगळ्यांसमोर. एका दिवसात चाळीस जणींचे ओटीपी मी घेतले. शेजारच्या सेवा केंद्रात तेच, अंगणवाडीतही तेच. सिलिंडर आला की तेच, रेशनच्या केवायसीला तेच. कुठल्याही बाईने मला विचारलं नाही की हा आकडा कशाचा आणि तुम्हाला का द्यायचा. तिने विचारावं असं मीही कधी सुचवलं नाही. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली मी, संमती म्हणजे काय यावर वर्गात निबंध लिहिलेली मी!

म्हणजे एकीकडे टीव्हीवर, रेडिओवर, बँकेच्या भिंतीवर 'ओटीपी कुणालाही देऊ नका'. दुसरीकडे हक्काचा प्रत्येक पैसा, धान्याचा प्रत्येक दाणा मिळवायचा तर अनोळखी माणसाला ओटीपी दिल्यावाचून गत्यंतर नाही. गरीब बाईला आपण सगळ्यांनी मिळून एकच सवय लावली. समोरचा सरकारी वाटला, घाईत असला, की आकडा सांगून टाकायचा. चोराने नवीन काही शोधून काढलेलं नाही. आम्ही घालून दिलेल्या वहिवाटेने तो आत आला.

आणि ओटीपी येतो तो मेसेज तरी कसा असतो? इंग्रजीत. रक्कम कुठे, कशासाठी, कुणाला हे त्या ओळींत असतं, पण वाचणार कोण? ताईंच्या फोनवरचा तो मेसेज मी नंतर पाहिला. 'कुणाला सांगू नका' हे त्यात लिहिलेलं होतं. आपल्याला न समजणाऱ्या भाषेत सूचना द्यायची आणि ती पाळली नाही म्हणून दोषी धरायचं, हा कुठला न्याय?

ई-केवायसीचंच पाहा. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये शासनाने ती सक्तीची केली. बाईच्या स्वतःच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागितला. मुदत दोन महिन्यांची, ती पुढे वाढवावी लागली. विधवा आणि घटस्फोटित बायकांसाठी कागदपत्रांची वेगळी वाट मागाहून काढावी लागली. पण जिला नवऱ्याने टाकलं आहे आणि घटस्फोटाचा कागद जिच्याकडे नाही, तिने कुणाच्या दारात जाऊन ओटीपी मागायचा? अशा अडलेल्या बाईला कुणी म्हणालं, 'ही लिंक दाबा, नवऱ्याच्या आधारशिवाय काम होईल', तर ती दाबणार नाही का? त्याच काळात खोटी संकेतस्थळं निघाली आणि केवळ अधिकृत संकेतस्थळच वापरा असं शासनाला सांगावं लागलं. घाई शासनाने निर्माण केली, भीती शासनाने निर्माण केली. चोराने फक्त खोटं दार उभं केलं.

तिला 'लोभी' म्हणणाऱ्यांनाही एकदा विचारायचं आहे. लॉटरीच्या मागे लागलेला माणूस आणि सरकारनेच जाहीर केलेला हप्ता बंद पडू नये म्हणून धडपडणारी बाई, हे दोघं एकाच मापाने कसे मोजता?

हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे

'दिलासच कशाला' हा प्रश्न आपण पूर्वी ऐकलेला आहे. रात्री बाहेर गेलीसच कशाला, त्याच्याशी बोललीसच कशाला, ओरडली का नाहीस. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं, तेव्हा तिच्या अंगावर जखमा नाहीत म्हणजे तिचा विरोध नव्हता, असा अर्थ काढला गेला. त्याविरुद्ध १९७९ साली चार कायदेतज्ज्ञांनी खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी झालेल्या बलात्कारात बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने ते गृहीत धरायचं. सिद्ध करण्याचा भार हलला.

बलात्कार आणि पैशाची चोरी यांची मी तुलना करत नाही. तुलना आहे ती प्रश्न विचारण्याच्या सवयीची. घाबरवून, फसवून काढून घेतलेली संमती ही संमती नव्हे, हे आपण त्या लढ्यात शिकलो. मग धमकावून काढून घेतलेल्या सहा आकड्यांना 'तुम्ही स्वतःहून दिलेत' असं बँक कशाच्या बळावर म्हणते?

इथेही सिद्ध करण्याच्या भाराचा प्रश्न आहेच. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं होतं, की अनधिकृत व्यवहारात चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची. चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाचं नुकसान शून्य. मात्र ग्राहकाने गुप्त आकडे दिल्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. या 'मात्र'मध्ये आपल्या बायका अडकतात. ओटीपी दिला म्हणजे निष्काळजीपणा, असं बँक समजून चालते आणि खिडकी बंद करते. भाषा कोणती होती, बाईला काय समजलं होतं, कधी मोठा व्यवहार न झालेल्या खात्यातून दहा मिनिटांत सगळे पैसे जात असताना बँकेने का थांबवलं नाही, हे प्रश्न कुणी विचारत नाही. ते आपण विचारायचे आहेत, लेखी.

ओळखायचं कसं

एवढं सांगून झालं तरी, व्यवस्था बदलेपर्यंत आपल्या बायकांनी लुटून घ्यायचं नाही. गटाच्या पुढच्या बैठकीत एक तास यासाठी ठेवा. कागदावर नको, हातात फोन घेऊन. भाषण नको, एकीने चोर व्हायचं आणि दुसरीने उत्तर द्यायचं. आमच्याकडे हा खेळ खूप हसत-खेळत झाला आणि बायकांच्या लक्षात राहिला.

पहिली खूण घाई. 'आजच', 'शेवटची संधी', 'एका तासात वीज तोडू', 'खातं गोठवू'. घाई करणारा निरोप आला की फोन पालथा ठेवायचा आणि शेजारणीला हाक मारायची. खरं काम एका तासाने केलं तरी चालतं.

दुसरी, पत्ता वाचणे. लिंकमध्ये 'महाराष्ट्र', 'लाडकी बहीण', 'योजना' हे शब्द कुणीही घालू शकतो. पहिल्या एकट्या तिरप्या रेघेच्या अगोदर, शेवटी काय आहे ते बघायचं. राज्य शासनाचा पत्ता तिथे 'जीओव्ही डॉट इन' असा संपतो. बँकांना रिझर्व्ह बँकेने 'बँक डॉट इन' या शेवटाचे पत्ते घ्यायला लावले, त्यासाठी ऑक्टोबर २०२५ अखेरची मुदत दिली होती. इंग्रजी येत नसलं तरी ही दोन शेवटची अक्षरचित्रं रांगोळीसारखी पाठ करता येतात. आमच्या साठीच्या आजींनी केली आहेत. आणि सगळ्यात बरं म्हणजे आलेली लिंक दाबायचीच नाही, अंगणवाडी सेविकेला किंवा कार्यालयात जाऊन विचारायचं.

तिसरी, पिन. यूपीआयचा पिन लागतो तो पैसे पाठवायला. पैसे मिळायला पिन लागत नाही, कोडही स्कॅन करावा लागत नाही. 'हप्ता जमा करायचा आहे, पिन टाका' म्हणणारा चोर. कुठलीही सरकारी योजना एटीएम कार्डावरचे आकडे मागत नाही.

चौथी, फाइल. लग्नपत्रिका, गाडीचं चलन, योजनेची यादी अशा नावाने व्हॉट्सॲपवर फाइल येते आणि नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरं असतात. ती पत्रिका नव्हे, तो फोनमध्ये शिरणारा प्रोग्राम. एकदा बसला की तुमचे मेसेज, ओटीपीसकट, परस्पर चोराकडे जातात. तुम्हाला कुणाला काही सांगावंही लागत नाही. ओळखीच्या नंबरावरून आली तरी उघडायची नाही, कारण त्या बाईचाही फोन चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

पाचवी, स्वतःचं खातं भाड्याने देऊ नका. वस्तीत मुलं येतात, 'काकू, तुमचं पासबुक, एटीएम आणि सिमकार्ड द्या, पाच हजार घ्या' म्हणतात. चोरीचा पैसा अशाच खात्यांतून फिरतो. पोलीस येतात ते खात्यावर जिचं नाव तिच्याकडे. एका बाईला लुटायला दुसरीचं नाव वापरलं जातं, आणि जाळ्याचा मालक दोघींनाही दिसत नाही.

फसलीच, तर

पैसे गेल्याचं कळताच पहिला फोन नवऱ्याला नको, १९३० या क्रमांकाला. हा देशभरचा मदत क्रमांक. तिथे तक्रार लागली की पैसे ज्या खात्यात गेले तिथेच अडवण्याचा प्रयत्न होतो. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात मिनिटांत पळतात, म्हणून पहिला तास सोन्याचा. लगेच बँकेला फोन करून कार्ड आणि खातं बंद करायला सांगा. आलेले मेसेज पुसू नका, त्यांचे फोटो ठेवा. १९३० ने दिलेला तक्रार क्रमांक लिहून घ्या. बँकेत लेखी अर्ज द्या आणि पोचवर तारीख-वेळेचा शिक्का घ्या. तीस दिवसांत बँकेने दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला पैसे पडत नाहीत.

पोलीस ठाण्यात 'नुसता अर्ज द्या' म्हणाले तर मान्य करू नका. दुसऱ्याची ओळख वापरणं आणि संगणकाच्या मदतीने तोतयेगिरी करून फसवणं हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क आणि ६६-ड खाली गुन्हे आहेत, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचे. ठाण्याची हद्द कोणती हे कारण सांगून परत पाठवता येत नाही. आणि एकटीने जाऊ नका. आपण कौटुंबिक हिंसेच्या तक्रारीला चौघीजणी जातो, तशाच इथेही जायचं.

ताईंना १९३० हा क्रमांक कळला चौथ्या दिवशी. तो आम्ही त्यांना आधी सांगितलेला नव्हता. ही चूक ताईंची नाही, आमची.

आमच्या मागण्या

शासनाने कोणत्याही योजनेची पडताळणी केवळ ओटीपीवर ठेवू नये. समोरासमोर, गावात, मुदतीचा बडगा न दाखवता ती करता यावी. नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारची अट काढावी. बाई नागरिक आहे, कुणाची तरी पुरवणी नाही. ओटीपीचे मेसेज मराठीत यावेत आणि त्यात रक्कम पहिल्या ओळीत असावी. जनधन आणि गटांच्या सभासदांच्या खात्यांतून अनोळखी खात्याकडे एकदम मोठी रक्कम जाताना बँकेने काही तास थांबवून खात्री करावी. आकडे सांगितले या एका कारणावरून अर्ज फेटाळू नयेत. प्रत्येक तालुक्याच्या पोलीस ठाण्यात अशा तक्रारी घेणारी प्रशिक्षित महिला कर्मचारी असावी.

आणि एक मागणी आपल्याकडेच. यापुढे कुणाही बाईचा ओटीपी मोठ्याने मागायचा नाही. आकडा कशाचा, हे आधी तिला सांगायचं, मेसेज वाचून दाखवायचा, आणि चौकोनात तो तिच्याच बोटाने भरू द्यायचा. वेळ लागेल. लागू दे. मी आता असंच करते. चाळीसऐवजी दिवसाला पंधरा अर्ज होतात.

ताईंच्या पैशांतले अजून काही परत आलेले नाहीत. अर्ज लोकपालाकडे गेला आहे. गटाने कर्जाचा तो हप्ता बारा जणींत वाटून भरला. नव्या फोनसाठी ताई पुन्हा पापडाचे पैसे साठवत आहेत. गेल्या बैठकीत खजिनदारपदाचा विषय परत निघाला, तेव्हा एक आजी म्हणाल्या, "चोराचा चेहरा आपल्यात हिनेच पाहिलाय, तर पैसा हिच्याकडंच राहू द्या की." ताईंनी दोन दिवस विचार केला आणि हो म्हटलं.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी कुणी फसलेली बाई तुमच्या दारात आली, तर 'दिलाच कशाला' हे शब्द ओठांवर येऊ देऊ नका. एवढंच विचारा, "किती वाजता झालं? चल, आधी १९३० ला फोन लावू."